सासूबाईंसाठी टेनिस

तोंडात घास असताना बोलू नये, असं मला लहानपणी शिकवलं होतं. हा शिष्टाचाराचा भाग आहे असं मी समजत होतो. त्यात जिवाच्या सुरक्षिततेचाही मुद्दा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर मार्चमधल्या त्या रविवारी दुपारी वरण-भात खाताना मी गप्प बसलो असतो आणि माझ्यावर टेनिस कोर्ट बांधायची वेळ आली नसती.

झालं असं की लातूरहून मनिषाताईंचा फोन आला. मनिषाताई म्हणजे माझ्या बायकोची, पंचशीलेची, थोरली बहीण. फोन स्पीकरवर होता, कारण मनिषाताईंचा आवाज कानाला लावून ऐकण्यासारखा नाही.

"पंचे, आता आईला माझ्याकडं पाठव. तिचे गुडघे धरलेत म्हणतेस ना? आमच्या कॉलनीत ह्यांनी टेनिस सुरू केलंय, सगळ्या वयाच्या लोकांसाठी. पाच वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळे खेळतात. डॉक्टर म्हणतात चालतं-फिरतं ठेवा. तुमच्या नांदेडात काय आहे तिला? ऑटो आणि धूळ!"

मी पंचशीलेकडं पाहिलं. ती शाळेत साठ पोरांना एका नजरेत गप्प करते, पण ताईपुढं तिची जीभ टाळूला चिकटते. तिचे डोळे भरले होते. सासूबाई समोरच बसून शेंगदाण्याची चटणी वाढत होत्या आणि आपल्याबद्दल नाहीच चाललेलं अशा चेहऱ्यानं ऐकत होत्या.

इथं एक गोष्ट कबूल करून टाकतो. जावयाला सासू घरात नको असते, असा एक समज आहे. माझा प्रकार उलटा आहे. कस्तुराबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणतो, बिलोलीहून आठ दिवसांसाठी आल्या आणि राहिल्या, त्याला आता तीन वर्षं होतील. या तीन वर्षांत नवरा-बायकोच्या प्रत्येक भांडणात त्यांनी माझी बाजू घेतली आहे. मी ऑफिसातल्या साहेबाबद्दल बोलायला लागलो की पंचशीला भाजी निवडायला उठते. मामी मात्र शेवटपर्यंत ऐकतात आणि "मुडदा गेला त्याचा" असा योग्य शेरा मारतात. मामी लातूरला गेल्या तर बायको रडणार आणि माझं ऐकणारं घरात कुणी उरणार नाही. म्हणून मी घाईघाईनं, भातासकट, फोनमध्ये बोललो,

"टेनिस काय, आमच्याकडंही आहे की!"

 मग मनिषाताईंच्या मागून आदर्शरावांचा, म्हणजे माझ्या साडूंचा, आवाज आला. आदर्शराव लातूरला क्लासेस चालवतात. त्यांच्या तोंडून निघणारं प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहून घ्यावं असं त्यांना वाटतं.

"साडूभाऊ, उत्तम! मग आम्ही टीम घेऊनच येतो. भीमजयंतीच्या आधीचा रविवार. एक मैत्रीपूर्ण सामना. आईंना तुमची सोय पसंत पडली तर राहतील, नाहीतर परतताना आमच्याच गाडीत बसतील. ठरलं?"

"ठरलं," मी म्हणालो. घास गिळला. पंचशीला माझ्याकडं अशी बघत होती की लग्नाच्या दिवशीही तिनं तसं पाहिलं नव्हतं. त्यात कौतुक किती आणि भीती किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

"जावईबापू," मामी म्हणाल्या, "टेनिस म्हंजी काय अस्तंय?"

आमच्या मैत्री नगरात मधोमध एक मोकळी जागा आहे. नकाशात ती 'क्रीडांगण' आहे आणि प्रत्यक्षात तिथं बाभळी आहेत. मी संध्याकाळी शेजाऱ्यांची बैठक घेतली आणि जाहीर केलं की आपण सर्व वयोगटांसाठी टेनिस सुरू करतोय. दुसऱ्या दिवशी पहाटे चौदा माणसं बॅटी आणि स्टंप घेऊन हजर झाली. टेनिस म्हणजे टेनिस बॉलवरचं क्रिकेट, हे नांदेडात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात बॅटच नसते असं मी म्हणालो तेव्हा बारा जण अपमान झाल्यासारखे निघून गेले.

उरले दोघे. एक अण्णाराव, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. त्यांनी शिट्टी आणि लाल-हिरवे झेंडे निवृत्तीनंतरही जवळ बाळगले आहेत आणि कॉलनीत सिलिंडरची गाडी मागं घ्यायची असली तरी ते हिरवा झेंडा दाखवतात. दुसरे शेषेराव. यांची शेती कॉलनीच्या कुंपणाला लागून आहे. नातवंडांच्या शाळेसाठी ते इथं बंगला बांधून राहतात, पण त्यांचा जीव कुंपणापलीकडं असतो.

अण्णारावांनी मला प्रथम गुण कसे मोजतात ते विचारलं. मी मोबाईलवर वाचून सांगितलं, "पंधरा, मग तीस, मग चाळीस."

"पंचेचाळीस."

"नाही, चाळीस."

"मग पाच मिनिटं कुठं गेली?" अण्णाराव म्हणाले. "पंधरा, तीस, पंचेचाळीस. हे टाईमटेबल चुकलंय. मी चाळीस पुकारणार न्हाई." आणि आजतागायत त्यांनी पुकारलेलं नाही.

जागा वापरायची तर परवानगी हवी. ती कोणत्या कार्यालयात मिळते ते सांगत नाही, कारण मला त्याच शहरात राहायचं आहे. तिथल्या गृहस्थांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाळीचे खांब जमिनीत रोवणार का?"

"हो."

"मग ते बांधकाम झालं. बांधकामाला नकाशा, ना-हरकत, साहेबांची सही. साहेब ट्रेनिंगला."

"आणि नाही रोवले तर?"

"तर तात्पुरता मंडप. तो माझ्या हातात आहे. कारण काय लिहू? लग्न, सप्ताह, जयंती, सभा."

"टेनिस लिहा की."

"टेनिस यात नाही." ते गृहस्थ दुःखी झाले. त्यांना खरंच मदत करायची होती. "सप्ताह लिहितो, पण मग भोंग्याची वेगळी परवानगी. सभा लिहिली तर पोलीस येतील. जयंती लिहिली तर तारीख जुळत नाही. लग्न लिहू का? लग्नाला कुणी काही विचारत नाही."

मी शासकीय सेवेत बावीस वर्षं काढली आहेत. समोरचा माणूस मनापासून खोटं लिहायला तयार असेल तेव्हा त्याला अडवू नये, एवढं मला कळतं. मी लग्न लिहू दिलं. नवरदेवाचं नाव विचारल्यावर मी "अजून बघणं चालू आहे" म्हणालो, आणि त्यांनीही तेच लिहिलं.

आता कोर्ट. मी मोबाईलवर मापं काढली आणि शेषेरावांना दाखवली. लांब, रुंद, सपाट, टणक, बॉल उसळला पाहिजे. शेषेरावांनी मोबाईल डोळ्यापासून हातभर लांब धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आवं, हे तर खळं हाय!"

"कोर्ट म्हणतात त्याला."

"काय बी म्हणा. ज्वारी मळायचं खळं अस्संच अस्तंय. तुमी ऑफिसला जावा. मी करून टाकतो."

मी ऑफिसला गेलो. हीच ती चूक. तीन-चार दिवसांत शेषेरावांनी बाभळी काढल्या, मुरूम टाकला, पाणी मारलं, धुम्मसानं ठोकून घेतलं आणि वरून शेणाचा सडा घालून सारवलं. संध्याकाळी पाहायला गेलो तर मन भरून आलं. तळहातासारखं गुळगुळीत कोर्ट, वर फक्कीच्या पांढऱ्या रेषा, आणि अगदी मधोमध, जिथून जाळी जायची तिथं, माणसाच्या उंचीचा एक लाकडी खांब. खांबाला हळद-कुंकू लावलेलं, वर आंब्याचा डहाळा.

"हे काय?"

"तिवडा."

ज्यांनी खळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खळ्याच्या मध्यावर जो खांब रोवतात आणि ज्याला बैल बांधून गोल फिरवतात, तो तिवडा. शेषेरावांच्या मते तिवड्याशिवाय खळं म्हणजे देवाशिवाय देऊळ.

"शेषेराव, आपल्याकडं बैल नाहीत."

"माणसं हायत की."

"आणि हा जमिनीत रोवलाय. म्हणजे बांधकाम झालं!"

"लग्नाच्या मांडवाला मुहूर्तमेढ अस्तेच की," अण्णाराव म्हणाले. परवानगीची हकिगत त्यांना तोंडपाठ झाली होती. "उलट मेढ नसंल तरच शंका येईल."

तिवडा काढायचा म्हटलं तर शेषेराव रुसले. पूजा झालेला तिवडा खळं उठल्याशिवाय काढत नाहीत, आणि त्यांना रुसवून मला मुरुमाचं बिल परवडणारं नव्हतं. तिवडा राहिला. जाळी मध्ये त्यालाच बांधली. बॉल तिवड्याला लागला तर काय, यावर अण्णारावांनी निकाल दिला की सिग्नल लागला, गाडी पुन्हा सोडायची.

जाळीचंही एक सांगायचं राहिलं. खेळाच्या सामानाच्या दुकानातली जाळी पाहिजे होती, पण शेजारच्यांनी सल्ला दिला की गोदाकाठी मासेमारांकडं जुनं जाळं मिळतं. जाळं ते जाळं. सल्ला फुकटचा होता म्हणून मी घेतला. जाळं मजबूत निघालं. फक्त त्याला गोदावरीचा सगळा इतिहास चिकटलेला होता. पहिल्याच संध्याकाळी कॉलनीतली सगळी मांजरं ओळीनं जाळीखाली येऊन बसली आणि आमचा सराव संपेपर्यंत हलली नाहीत. आमच्या टेनिसला रोज हजर राहणारे प्रेक्षक मिळाले ते एवढेच.

सराव मात्र जोरात सुरू झाला. सामन्याचा नियम आदर्शरावांनी कळवला होता. तिघांचा संघ, एक लहान, एक मधला, एक साठीच्या पुढचा, तिघे एकदम कोर्टावर. आमच्याकडून लहान म्हणजे शेषेरावांची दहा वर्षांची नात तनुजा, मधला मी, आणि साठीपुढचे अण्णाराव. तनुजा पहिल्या दिवसापासून माझ्यापेक्षा बरी खेळायला लागली, हे मी मोठ्या मनानं मान्य करतो. पंचशीला शाळेतून आली की बॉल वेचायची. मामी ओट्यावर बसून बघायच्या आणि मी बॉल चुकवला की म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या, बॉलच वाकडा आला."

चार दिवस असे सुखाचे गेले. पाचव्या दिवशी सकाळी रॅकेट घेऊन गेलो तर कोर्ट नव्हतं. कोर्टाच्या जागी हळद होती. उकडलेल्या हळकुंडांचा जाड थर, या रेषेपासून त्या रेषेपर्यंत, आणि मधून तिवडा वर आलेला. शेषेराव काठावर उभे राहून कौतुकानं बघत होते.

"शेषेराव!"

"कामून वरडायलाव?"

"सामना दोन आठवड्यांवर आलाय!"

"बराबर. तेवढ्यात वाळती." मग माझ्या चेहऱ्याकडं पाहून ते जरा नरमले. "सायब, खळं केलं म्हणल्यावर माल पडणारच की. मोकळं खळं ठिवणं चांगलं न्हाई. आन् पाऊस यायची भीती न्हाई, शेणानं सारवलेली जागा, असलं खळं मला बापजन्मात भेटलं न्हवतं."

मी खूप बोललो असतो. पण मुरूम त्यांचा, शेण त्यांचं, मजूर त्यांचे. माझा त्या कोर्टात फक्त अभिमान गुंतला होता. तडजोड अशी झाली की कडेनं दोन हातांची एक पट्टी मोकळी ठेवायची. त्यानंतर दोन आठवडे आम्ही त्या पट्टीत टेनिस शिकलो. परिणाम असा की आमच्या संघाचा प्रत्येक फटका रुळावरून गेल्यासारखा सरळ जाऊ लागला आणि डावीकडं-उजवीकडं पळणं आम्हाला पाप वाटू लागलं. बॉल हळदीत गेला की तनुजा चवड्यावर जाऊन आणायची, कारण हळकुंड तुडवलं की आजोबा ओरडायचे.

रोज रात्री मनिषाताईंचा फोन यायचा. आईचे कपडे भरून ठेव. आईची औषधं वेगळ्या पिशवीत ठेव. पंचशीला "हो ताई" म्हणायची आणि काहीच भरायची नाही. एकदा तिनं पिशवी काढली, दोन लुगडी ठेवली आणि परत कपाटात नेऊन लावली. मला म्हणाली, "अहो, आपण हरलो तर?" मी म्हणालो, "कसे हरू?" दोघांनाही माहीत होतं कसे हरू ते. मामींना विचारावं तर त्या म्हणायच्या, "तुमी पोरी ठरवा. मी काय, पिशवी उचलली की निघाले." हे ऐकून पंचशीलेला जास्तच रडू यायचं.

शनिवारी हळद वाळली. मी सुटकेचा निःश्वास सोडणार तेवढ्यात शेषेरावांनी ट्रॅक्टर आणला आणि ट्रॅक्टरमागं हळदीला पॉलिश करायचा ड्रम. कोर्टाच्या मधोमध तो ड्रम दिवसभर घरघरत फिरला. हळकुंडं चकाचक होऊन पोत्यात गेली, पोती रेषेच्या बाहेर रचली गेली, आणि ड्रममधून जी पिवळी पूड उडाली ती कोर्टावर, जाळीवर, मांजरांवर आणि शेजारच्या चार बंगल्यांवर बसली. झाडून पाहिलं. झाडलं की ती उठायची आणि दुसरीकडं जाऊन बसायची.

"ऱ्हाऊ द्या," शेषेराव म्हणाले. "हळद औषधी अस्ती."

रविवारी सकाळी लातूरची गाडी आली. आदर्शराव उतरले, पायापासून डोक्यापर्यंत पांढरे. पांढरे बूट, पांढरी चड्डी, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. त्यांचा मुलगा तसाच पांढरा. मनिषाताई सोनेरी काठाच्या पांढऱ्या साडीत. जयभीम झाले, पोहे झाले, शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्काराला उत्तर देताना आदर्शरावांनी टेनिसचा लातूर पॅटर्न सांगितला. रोज पहाटे सराव, दर शनिवारी चाचणी, महिन्याला गुणवत्ता यादी. त्यांच्याकडं पहिल्या वर्गात पास झाल्याशिवाय कुणाला बॉल मारू देत नाहीत.

मग ते सरावासाठी कोर्टावर उतरले, एक जोरदार उडी घेतली आणि पॉलिश झालेल्या कोर्टावरून सरळ तिवड्यापर्यंत घसरत गेले. उठले तेव्हा त्यांची उजवी बाजू पिवळी होती. आधार द्यायला गेलेला मुलगाही पडला. मुलाला उचलायला मनिषाताई गेल्या. मी पाहुणचार म्हणून गेलो. पाच मिनिटांत आम्ही सगळे नखशिखान्त पिवळे होतो आणि तनुजा पोटावर हात धरून पोत्यावर लोळत होती.

नेमक्या त्याच वेळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. परवानगीच्या कार्यालयातले निरीक्षक. मंडपाची पाहणी.  निरीक्षकांनी आम्हाला पाहिलं, आमच्या कपड्यांना पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"वा! हळद जोरात लागलेली दिसती."

"एकदम जोरात," अण्णाराव पुढं झाले.

"नवरदेव कोण?"

अण्णारावांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि जो सर्वांत जास्त पिवळा होता त्याच्याकडं बोट केलं. आदर्शराव.

"वय जरा जास्त वाटतं."

"बिजवर हाय."

मनिषाताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून आवाज फुटेना. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच.

"आणि ही जाळी?"

"अंतरपाट."

"एवढा लांब?"

"सामुदायिक विवाह हाय, सायब. इधरसे उधर तक जोडपी उभी राहतेत."

निरीक्षकांनी मान डोलावली. तिवड्याला पाहून "मेढ छान सजवलीय" म्हणाले, पोहे खाल्ले, आदर्शरावांच्या हातात एक्कावन्न रुपयांचं पाकीट कोंबून "संसार सुखाचा करा" म्हणाले आणि गेले. आदर्शरावांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "साडूभाऊ, आपलं टेनिस नक्की किती दिवसांपासून चालू आहे?" मी पाणी प्यायला गेलो.

सामन्याची वेळ झाली. आमचे तिघे जाळीच्या अलीकडं उभे राहिले. पलीकडं दोघेच.

"तुमचा साठीपुढचा खेळाडू?" मी विचारलं.

मनिषाताईंनी पिशवीतून एक खोकं काढलं. त्यात पांढरे शुभ्र नवे बूट, लहान मापाचे. "आमचा साठीपुढचा खेळाडू इथंच आहे," त्या म्हणाल्या. "आई, ऊठ. हे घाल. तू आमच्याकडून खेळायचं."

अशी चाल असते का कुठं? पंचशीलेच्या हातातला बॉल खाली पडला. आईनं बूट घालून पलीकडं जाऊन उभं राहायचं, म्हणजे झालंच की सगळं. आता पलीकडं आणि संध्याकाळी गाडीत. मला अण्णारावांचा झेंडा ओढून घेऊन लाल दाखवावासा वाटला.

मामी ओट्यावरून उठल्या. बूट घातले. लुगड्याचा काष्टा घट्ट केला. दोन पावलं टाकून बुटांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "लई मऊ हायत गं." मनिषाताईंचा चेहरा फुलला. मामी सावकाश चालत कोर्टावर आल्या, तिवड्यापाशी थांबल्या, त्याला हात लावून पाया पडल्यासारखं केलं आणि आमच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"आई, इकडं!"

"तिकडं ऊन हाय," मामी म्हणाल्या.

अण्णारावांना संघातून निघावं लागलं याचं त्यांना क्षणभर वाईट वाटलं. पण पंच व्हा म्हटल्यावर ते धावतच घरी गेले आणि झेंडे घेऊन, काळा कोट घालून आले. आता लातूरकडं माणूस कमी. यावर शेषेराव पोत्यावरून उतरले, धोतर खोचलं आणि सरळ पलीकडं गेले.

"शेषेराव, तुम्ही आमचे!"

"तुमचाच हाव. पर पाव्हण्याला माणूस कमी पडू द्यायचं का? गावाची इज्जत जाती." आणि रॅकेट नको म्हणून त्यांनी हळद ओढायचं लाकडी दाताळं घेतलं. ते दाताळं रॅकेटच्या चौपट रुंद होतं. पंचांनी हरकत घेतली नाही.

हिरवा झेंडा हलला, शिट्टी वाजली आणि सामना सुरू झाला. पहिल्या डावाचं वर्णन करणं माझ्या लेखणीला झेपणार नाही. तनुजाचा बॉल सरळ गेला, आदर्शरावांनी परतवला, शेषेरावांनी दाताळ्यानं तो आपल्याच माणसाच्या पाठीत घातला. मी तिवड्याला दोनदा मारला, दोनदा सिग्नल लागला. मामींकडं बॉल आला की त्या रॅकेट पुढं धरून डोळे मिटायच्या आणि "जा रे बाबा" म्हणायच्या, आणि तो बिचारा जायचा. पंधरा झाले, तीस झाले, पंचेचाळीस झाले, आणि कसा कोण जाणे, पहिला डाव आमचा झाला. सगळी कॉलनी ओरडली. निघून गेलेले ते बारा जणही कधीतरी येऊन कुंपणावर बसले होते.

मग आदर्शराव शिस्तीत म्हणाले, "पहिला डाव संपला. आता बाजू बदलायची. आम्ही तिकडं, तुम्ही इकडं. नियम आहे."

मी निघालो, तनुजा निघाली. मामी जागच्या हलल्या नाहीत.

"मामी, चला. बाजू बदलायचीय."

"मी न्हाई."

"आई, नियम आहे तो," आदर्शराव जवळ येऊन समजावू लागले. "सर्वांना समान ऊन, समान वारा..."

"असू द्या. मी हितं बरी हाय."

मनिषाताई पुढं आल्या. "आई, एका डावापुरतं ये ना तिकडं. मग परत यायचंच आहे."

"आठ दिसापुरतं म्हणून बिलोलीहून निघले व्हते," मामी म्हणाल्या. मग त्यांनी रॅकेट खाली ठेवली आणि लेकीचा पिवळा झालेला हात हातात घेतला. "मने, तुझ्याकडं सोय लई हाय. मला ठाऊक हाय, तू जीव लावतीस. पर ही बारकी शाळंतून आली की मी तिला चहा करून देते. जावई साहेबाला शिव्या घालतो, मी ऐकून घेते. हितं मला काम हाय. तुझ्याकडं मी नुस्ती बसून ऱ्हाईन, मऊ बूट घालून. मी आता जागा बदलणार न्हाई. तू ये. खेळायला ये, भांडायला ये, महिना महिना ऱ्हा. पर मला उचलून नेऊ नकू."

 पंचशीला पोत्यामागं उभी राहून हमसाहमशी रडत होती. मनिषाताईंचंही नाक लाल झालं. त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "मग मी काय परकी का गं?" आणि मामींनी लेकीला जवळ ओढलं, तशी पंचशीलाही धावत येऊन त्या दोघींना बिलगली. तिघींचं मिळून एक पिवळं गाठोडं झालं.

अण्णारावांनी कर्तव्यबुद्धीनं शिट्टी फुंकली आणि लाल झेंडा वर केला.

"नांदेडच्या खेळाडूनं बाजू बदलायला नकार दिला. नियमभंग! सामना लातूरनं जिंकला."

आणि मी, आनंदराज, वरिष्ठ सहायक, वय सत्तेचाळीस, सामना हरल्याबरोबर आदर्शरावांना कमरेला धरून उचललं आणि तिवड्यापाशी गोल गोल फिरवलं. शेषेराव मागून "हाव, अस्संच, अस्संच फिरवायचं अस्तंय" म्हणून ओरडत होते. आदर्शराव म्हणत होते, "साडूभाऊ, जिंकलो आम्ही आहोत!" मी म्हणत होतो, "अभिनंदन! अभिनंदन!"

कुंपणावरच्या बारा जणांनी रॅकेट मागितल्या. त्या दुपारी मैत्री नगरात कोण कुणाकडून खेळत होतं ते पंचांनाही सांगता आलं नसतं. मनिषाताई सगळ्यांत जास्त खेळल्या आणि आदर्शरावांनी एकदाही गुण मोजले नाहीत.

संध्याकाळी लातूरची गाडी निघाली. मामी आमच्या फाटकात उभ्या राहून हात हलवत होत्या, आणि पंचशीलेनं त्यांचा पदर गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत मुठीत घट्ट धरून ठेवला होता.